पाण्याच्या पाळीची वही

बदलापूरहून लोकलने मुंबईकडे निघाले की डोंबिवली आणि कोपर मागे पडल्यावर दिवा येते. गेली बारा वर्षे आम्ही बदलापूरला राहतो. या बारा वर्षांत आईने दिव्यावरून कितीतरी वेळा प्रवास केला. पण गाडी दिव्यात शिरू लागली की ती मांडीवरची पिशवी उघडून त्यात काहीतरी शोधू लागते. कधी चष्मा, कधी सुटे पैसे. गाडी सुटली की पिशवी बंद. तिला दिव्याचा फलाट बघायचा नसतो, हे आम्हां दोघा बहीणभावांना ठाऊक होते. आम्ही कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही.

तीच आई १५ जून २०२५ च्या रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "चला रे, आज दिव्याला जाऊन येऊ."

त्याला कारण होते. आदल्या सोमवारी, ९ जूनला सकाळी नऊच्या सुमारास दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या. एक मुंबईकडे जाणारी, दुसरी मुंबईहून येणारी. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसे लटकलेली. वळणावर माणसे आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना घासल्या आणि बघता बघता माणसे रुळांवर पडली. चौघे त्याच दिवशी गेले, पुढे मृतांचा आकडा पाच झाला. बातमी लागली तेव्हा आई भाकऱ्या करत होती. पिठाच्या हातांनी ती टीव्हीसमोर येऊन उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "बायका असतील की रे त्यांच्या घरी."

आणि दोन दिवसांनी, १७ जूनला, आमच्या बाबांचा स्मृतिदिन होता. अठरावा.

खोली कोकणच्या गाडीजवळ

आमचे बाबा मूळचे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. दहावीनंतर मुंबईला आले आणि विक्रोळीला थोरल्या भावाच्या खोलीत राहून दादरच्या एका लहान छापखान्यात बाइंडर म्हणून लागले. लग्नानंतर भावाच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन संसार मावेनात. आमच्यातली मोठी तीन वर्षांची झाली तेव्हा, १९९६ साली, त्यांनी दिव्याला चाळीत खोली घेतली. काकांकडून उसने घेतलेले पैसे आणि आईच्या गळ्यातले मोडून आलेले पैसे, असे मिळून ते घर झाले.

दिवाच का? आईने तेव्हा विचारले होते. बाबांचे उत्तर तयार होते. दिवा हे जंक्शन आहे. इथून एक फाटा पनवेलकडे जातो आणि दुसरा वसईकडे. पनवेलचा रस्ता पुढे रोह्याला आणि रोह्याहून कोकणात. कोकण रेल्वे तेव्हा पुरती झाली नव्हती. सगळा मार्ग १९९८ च्या जानेवारीत सुरू झाला. पण माणगाव आणि त्यापुढचे वीर हे टप्पे आधीच खुले झाले होते. "आजारी म्हातारी गावाला आहे. रात्री निरोप आला तर सकाळची पॅसेंजर आपल्या दारात उभी असेल," असे ते म्हणत. दादरपर्यंतची रोजची ओढाताण त्यांनी पत्करली ती आजीसाठी.

पुढे याच पॅसेंजरने ते आम्हाला २० मार्चला महाडला नेत. वीरला उतरायचे, तिथून एसटी. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून घरून आणलेल्या चटणीभाकरीचा डबा सोडायचा. आमच्यातल्या धाकट्याने आयुष्यातले पहिले मोठे स्टेशन पाहिले ते दिवा आणि पहिले तळे पाहिले ते चवदार. बराच काळ त्याला वाटे, की जगातल्या सगळ्या गाड्या दिव्याहूनच सुटतात.

तेव्हाचे दिवा आजच्यासारखे नव्हते. आगासन, दातिवली, बेतवडे, म्हातार्डी, साबे ही आजूबाजूची जुनी आगरी-कोळ्यांची गावे. भाताची खाचरे, खाडीची खाजणे, पावसाळ्यात चिवणीचे मासे विकायला येणाऱ्या बायका. स्टेशनाभोवती मात्र चाळींवर चाळी उठत होत्या. मुंबईत खोली परवडत नाही अशी सगळी माणसे इथे येत होती. आमच्या चाळीत बारा खोल्या होत्या. जळगावचे, साताऱ्याचे, रत्नागिरीचे, एक बिहारचे कुटुंब. कोणाला कोणाचे आडनाव नीट ठाऊक नसे. शेजारच्या जळगाववाल्या काकू, पलीकडचे पोस्टातले काका, अशीच ओळख.

उलटा प्रवास

आज दिव्याला जलद गाड्याही थांबतात. हा थांबा २०१६ च्या डिसेंबरात मिळाला. त्याआधी, २ जानेवारी २०१५ रोजी, गाड्यांच्या खोळंब्याने संतापलेले प्रवासी इथे रुळांवर उतरले होते आणि त्या दिवशी मध्य रेल्वे तासन् तास ठप्प झाली होती. पाचवी-सहावी मार्गिका तर २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. बाबांच्या काळी यातले काही नव्हते. फक्त धीम्या गाड्या, आणि त्याही कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या. सकाळी दिव्याच्या माणसाला आत पाय टाकायला जागा नसे. दाराचा दांडा एका हाताने धरता आला तरी आजचा दिवस मिळाला, असे लोक म्हणत.

बाबा दाराला लटकत नसत. ते सकाळी उलटे डोंबिवलीला जात आणि तिथे रिकामी होणारी किंवा तिथून सुटणारी गाडी पकडून आत शिरत. त्यासाठी पाऊण तास आधी घर सोडावे लागे. शिवाय पास दिव्याचा न काढता डोंबिवलीचा काढावा लागे, म्हणजे महिन्याला थोडे पैसे जास्त. आई म्हणायची, "एवढं कोण तपासतं? सगळेच जातात तसे." बाबा म्हणत, "अगं, तपासायला कोणी नसतं तेव्हाच माणसाची तपासणी होते." हे वाक्य आमच्या घरात अजून चालते. परीक्षेला जाताना आम्ही ते ऐकले आहे, पहिल्या नोकरीला जातानाही.

तरीही संध्याकाळी साडेआठ वाजले की आई दारात येऊन उभी राहायची. गाडीचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येत असे. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली की तिच्या हातातले काम थांबे. मग बोळाच्या टोकाला सायकलवाल्याच्या दिव्याखाली बाबांचा पांढरा सदरा दिसे आणि ती लगबगीने आत जाऊन तवा ठेवी. आपण वाट पाहत होतो हे तिने त्यांना कधी कळू दिले नाही. त्यांना ते कळत होते, हे आम्हांला कळत होते.

खळीचा वास

बाबांच्या हाताला मैद्याच्या खळीचा वास असे. छापखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि वाया गेलेले ताव मालक रद्दीत घालायचा. बाबा ते रद्दीच्या भावाने विकत घेत, फुकट मागत नसत. रविवारी दुपारी ते तावांच्या घड्या घालत, दाभणाने भोके पाडत, मेणदोऱ्याने शिवत, पुठ्ठा चढवत आणि पाठीला कापडाची पट्टी लावत. आमच्या शाळेच्या वह्या अशा तयार होत. वर्गातल्या मुलांच्या वह्यांवर नट-नट्यांची चित्रे असत, आमच्या वह्या साध्या तपकिरी. लहानपणी त्याची आम्हांला लाज वाटे. पण वर्ष संपले तरी आमच्या वहीचे पान सुटत नसे.

ते शिवत असताना आईने साप्ताहिक मोठ्याने वाचून दाखवायचे, हा रविवारचा नेम. आई चौथीपर्यंत शिकलेली. सुरुवातीला ती जोडाक्षरांना अडखळायची. बाबा मान वर न करता म्हणत, "परत वाच, मला नीट ऐकू आलं नाही." त्यांना नीट ऐकू आलेले असायचे. दोन वर्षांत आई अग्रलेखही न अडखळता वाचू लागली. बाबांनी तिला शिकवतो असे एकदाही म्हटले नाही.

रविवारचा स्वयंपाकही त्यांचा. सुकटीची चटणी आणि भात. चाळीतल्या बायका हसत. बाबा म्हणत, "तिलाही आठवड्याला एक सुट्टी नको? छापखाना देतो मला, मग मी काय छापखान्याहून वाईट आहे?"

२६ जुलै २००५ चा पाऊस महाराष्ट्र विसरलेला नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दिवा तर खाडीच्या काठचा सखल भाग. आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी चढले. आईने आम्हाला माळ्यावर बसवले आणि स्वतः शिडीवर उभी राहिली. त्या रात्री गाड्या नव्हत्या, फोन नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. दादरहून ठाणे, कळवा, मुंब्रा असे रुळांवरून आणि पाण्यातून चालत. त्यांनी डबा उघडला तर आत चार पाव, कोरडे. ठाण्याला कोणीतरी वाटत होते, तिथे मिळालेले. अख्ख्या वाटेत त्यांनी एकही तोडला नव्हता.

ती रात्र

दिव्यात पाण्याचे हाल पहिल्यापासून. चाळीला एकच नळ. पाणी रात्री दीड-दोनला यायचे आणि तासाभरात जायचे. पाळीवरून भांडणे होत, हंडे फेकले जात, एकदा तर डोके फुटले. तेव्हा बाबांनी एक वही शिवली. बारा खोल्यांचे बारा रकाने, कोणाची पाळी कधी, कोणी किती हंडे भरले, कोणी आपली पाळी कोणाला दिली, सगळे त्यात लिहायचे. वही नळाजवळ खिळ्याला टांगलेली असे. सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता, कारण त्यात बाबांच्या घराचे हंडे कधीच जास्त नसत. भांडणे थांबली.

१६ जून २००७, शनिवार. शाळा सुरू झाल्या होत्या. रात्री बाबा आमच्या नव्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालत बसले. धाकट्याची पाचवीची सगळी झाली, मोठीची दहावीची पाच राहिली. "उद्या रविवारच आहे," असे म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. जेवताना म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय." आईने ओवा आणि गरम पाणी दिले. पित्ताचा त्रास त्यांना होताच. रात्री दोनला ते पाण्यासाठी उठले, पाऊण तासाने परत येऊन झोपले. पहाटे चारच्या सुमारास घामाने भिजून उठून बसले. रिक्षा मिळेपर्यंत सारे संपले होते. हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टर म्हणाले. वय ४१.

ज्या गाडीला आई अकरा वर्षे भीत होती, त्या गाडीने त्यांचे काही केले नाही. ते घरातच गेले, तिच्या मांडीवर.

त्या दिवशी गावाहून आलेल्या एकदोन म्हाताऱ्या आईच्या बांगड्यांना हात लावू लागल्या, तेव्हा थोरल्या काकांनी त्यांना थांबवले. "माझ्या भावाच्या घरात हे होणार नाही," एवढेच ते म्हणाले. जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी आईने पाटावर बसून मोठीच्या राहिलेल्या पाच पुस्तकांना कव्हरे घातली. नंतर बाबांचे दाभण आणि दोऱ्याचे रीळ तिने डब्यातून काढले. कोणी शिकवले नव्हते, अकरा वर्षे बघत होती एवढेच. त्या हंगामात तिने चाळीतल्या आणि आसपासच्या मुलांना दीडशेहून जास्त वह्या शिवून दिल्या. सकाळी डोंबिवलीत दोन घरी पोळ्या, दुपारी वह्या. त्यावर मोठी पदवीधर झाली आणि धाकटा आयटीआयला गेला.

छापखान्याच्या मालकाने पाच हजार रुपये हातावर ठेवून विषय मिटवला होता. ग्रॅच्युइटी हा शब्द आमच्या घराने ऐकलाच नव्हता. पोस्टातल्या काकांनी तो सांगितला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात हिशेब स्पष्ट होता : दरवर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, आणि कामगार मरण पावला असेल तर पाच वर्षांच्या नोकरीची अटही नाही. बाबांची नोकरी सतरा वर्षांची, शेवटचा पगार साडेचार हजार. काकांनी अर्ज लिहिला, आईने सही केली, दहा महिने खेटे घातले. चव्वेचाळीस हजार रुपये मिळाले. मालकाने ते उपकार केल्यासारखे दिले. आईने मोजून घेतले आणि पावतीवर पूर्ण नाव लिहिले, एकही जोडाक्षर न चुकता.

अठरा वर्षांनी

तर त्या रविवारी आम्ही दिव्याला उतरलो. आईने या वेळी पिशवी उघडली नाही. फलाटावर उतरून ती जरा वेळ नुसती उभी राहिली. नवे पूल झालेत, गर्दी तिपटीने वाढली आहे. पलीकडे म्हातार्डीच्या बाजूला बुलेट ट्रेनच्या ठाणे स्थानकाचे काम चालू आहे. वर्षानुवर्षे ज्याच्या धुराने सारे दिवा खोकत होते ते कचऱ्याचे डम्पिंग २०२३ मध्ये बंद झाले. पाण्याच्या टँकरची रांग मात्र आम्ही पुन्हा पाहिली.

आमची चाळ राहिलेली नाही. तिथे सात मजली इमारत उभी आहे, खाली मोबाइलचे दुकान आणि दवाखाना. नळाची जागा कुठे होती हे आम्हां भावंडांना सांगता येईना. आई सरळ चालत गेली आणि जिन्याखालच्या एका कोपऱ्यात थांबली. "इथे," ती म्हणाली.

आम्ही तिथे उभे असतानाच वरून हाक आली, "वहिनी?" जळगाववाल्या काकू. केस पूर्ण पांढरे, गुडघे गेलेले. आम्हांला वर नेले, पाणी दिले, चहा टाकला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. कोण गेले, कोण कुठे राहायला गेले. मग काकू आत गेल्या आणि जुन्या साडीत गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आल्या. ती पाण्याच्या पाळीची वही होती.

बाबांच्यामागे चार वर्षे त्यांनीच ती लिहिली होती. चाळ पडली तेव्हा बाकीचे सामान टेम्पोत चढवले, वही हातात घेऊन बसल्या. शिवण तशीच घट्ट, कापडी पाठ तेवढी काळी पडलेली. आईने पाने उलटली. १६ जून २००७. आमच्या रकान्यात रेघ. काकूंच्या रकान्यात बाबांच्या अक्षरात : 'आठ हंडे भरले.'

काकू बोलू लागल्या. त्या रात्री काका रात्रपाळीला होते आणि त्यांना स्वतःला ताप होता. बाबांनी आपली पाळी त्यांना दिली आणि आठही हंडे स्वतः उचलून त्यांच्या पिंपात ओतले. शेवटच्या हंड्यानंतर ते पायरीवर बसले, हात छातीवर. काकूंनी विचारले तर म्हणाले, "पित्त आहे. आमच्या घरात बोलू नका, ती घाबरेल आणि पोरांना उठवेल."

"अठरा वर्षं झाली वहिनी," काकू म्हणाल्या, "मला वाटतं, मी तेव्हाच तुम्हाला हाक मारायला हवी होती. माझ्या आठ हंड्यांनी तुमचा माणूस नेला."

खोलीत कोणी बोलेना. आम्हांला वाटले, आई आता रडेल किंवा उठून जाईल. तिने वही मिटली, काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही हाक मारली असती ना ताई, तरी मी ओवाच दिला असता. जेवताना मला म्हणाले होते ते, जड वाटतंय म्हणून. तेव्हाही ओवाच दिला. आपल्याला कोणाला माहीत होतं?"

मग दोघी रडल्या. आईला रडताना आम्ही फार वर्षांनी पाहिले. ओव्याची ती गोष्ट तिने आजवर आमच्यापाशी कधी काढली नव्हती. अठरा वर्षे दोन बाया एकच ओझे वाहत होत्या, एक दिव्यात आणि एक बदलापुरात, आणि दोघींना वाटत होते की ते आपल्या एकटीचे आहे.

वळण

परतताना आई म्हणाली, "एक स्टेशन पुढे जाऊन येऊ." आम्ही धीम्या गाडीत बसलो. रविवार असल्याने खिडकी मिळाली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मुंब्र्याचा डोंगर. १८५४ सालापासून, कल्याणपर्यंतची पहिली गाडी धावली तेव्हापासून, माणसे या डोंगराच्या पायथ्याने ये-जा करतात. मुंब्रा जवळ आले तसे गाडीने वळण घेतले. आईने हात जोडले. आम्हीही जोडले. समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाने आमच्याकडे पाहिले, त्याला समजले आणि त्यानेही मान खाली घातली.

अपघातानंतर रेल्वेने जाहीर केले, की नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवली जातील. ते होईल तेव्हा होईल. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे जिवाला मुकतात. त्यांतले कित्येक कुणाचे तरी बाबा असतात आणि त्यांच्या घरी एक तवा चुलीवर चढायचा राहून जातो. अशा घरांसाठी पोस्टातले काका आज असते तर त्यांनी जे सांगितले असते, ते आम्ही सांगतो. प्रवासी चालत्या गाडीतून पडून दगावला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे चूक कोणाची हे न पाहता वारसांना भरपाई मिळते. २०१७ पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत करावा लागतो. पास किंवा तिकीट जपून ठेवा. ते सापडले नाही म्हणून केवळ तेवढ्यावर दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे; प्रतिज्ञापत्र आणि इतर पुराव्यावर तो उभा राहू शकतो. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात बसत नाही. म्हणून पुलावरून जा, उशीर झाला तरी.

आणि दुसरी गोष्ट, बाबांसाठी. घरच्या पुरुषाला, बाईलाही, छातीत जड वाटले, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, थंड घाम आला, तर त्याला पित्त म्हणू नका. ओव्यावर भागवू नका. आपल्याकडे हा आजार इतर देशांपेक्षा कमी वयात गाठतो. आमच्या बाबांच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका नव्हती. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. आज आहे. हाक मारा, शेजाऱ्याला उठवा, पोरे उठली तर उठू द्या. घरातले घाबरतील म्हणून दुखणे लपवणारी माणसे मनाने फार चांगली असतात. आमचे बाबा तसेच होते. त्यांनी त्या रात्री आम्हाला घाबरवायला हवे होते.

काकूंनी वही आईला दिली. १७ जूनला ती बाबांच्या तसबिरीपाशी ठेवली होती. काका आले होते, जळगाववाल्या काकूही मुलाला घेऊन आल्या. सर्वांनी वंदना घेतली, जेवणे झाली. मोठीची मुलगी यंदा पहिलीत गेली आहे. संध्याकाळी आई तिच्या वह्यांना कव्हरे घालत बसली. वाचून दाखवायला कोणीतरी हवे, म्हणून तिने नातीच्या हातात पाण्याच्या पाळीची वही दिली. पोरगी एकेक अक्षर लावत वाचू लागली, "आ-ठ हं-डे भ-र-ले."

आई मान वर न करता म्हणाली, "परत वाच बाळा, मला नीट ऐकू आलं नाही."